कंबरमोडी नेमकी कोणती? नागपूर परिसरातील रानवनस्पती आणि प्रथमोपचार

पांदण (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पोळा झाल्यानंतरच्या रविवारी वस्तीतील आठ-दहा मुलांना घेऊन आम्ही काही पालक गोरेवाड्याकडच्या माळावर सकाळच्या फेरीला गेलो होतो. पावसाने उसंत दिली होती आणि सगळीकडे गुडघाभर गवत वाढले होते. उतरताना एका नऊ वर्षांच्या मुलीचा पाय मुरमावरून घसरला आणि गुडघा चांगलाच खरचटला. जखम मोठी नव्हती, पण रक्त येत होते आणि मुलगी घाबरली होती. तेवढ्यात आमच्यापैकी तिघे तीन दिशांना गेले आणि "कंबरमोडी सापडली" म्हणत तिघेही मूठभर पाला घेऊन परत आले. तिघांनाही खात्री होती, तिघांच्याही घरी आजीने हाच पाला वापरला होता, आणि तिघांच्या हातांतील वनस्पती मात्र वेगवेगळ्या होत्या.

त्या वेळी मी कोणताच पाला लावू दिला नाही. बाटलीतील पिण्याच्या पाण्याने जखम धुतली, स्वच्छ रुमालाची घडी दाबून धरली आणि काही मिनिटांत रक्त थांबले. ते तिन्ही पाले मात्र वर्तमानपत्रात गुंडाळून घरी आणले आणि संध्याकाळी भिंग घेऊन बसलो.

पहिला पाला खऱ्या कंबरमोडीचा होता, जिला दगडी पाला किंवा एकदांडी असेही म्हणतात. ही जमिनीलगत पसरते, खोडावर आणि पानांवर खरखरीत लव असते, पाने समोरासमोर येतात आणि त्यांच्या कडा दातेरी असतात. सर्वांत पक्की खूण फुलाची आहे. वीतभर लांब, पाने नसलेला एकच दांडा वर येतो आणि त्याच्या टोकाला एकच फूल असते. मध्ये पिवळी चकती आणि भोवती फिकट पिवळसर-पांढऱ्या चार-पाच पाकळ्या, ज्यांच्या टोकाला तीन दाते असतात. फूल वाळले की बियांना पिसासारखा झुपका येतो आणि फुंकर मारली की त्या उडतात.

दुसरा पाला माक्याचा होता. तो नाल्याच्या काठच्या ओलसर जागेतून आणलेला होता. त्याची पानेही समोरासमोर आणि खरखरीत, पण अधिक अरुंद असतात. फूल लहान, पूर्ण पांढरे, आखूड देठाचे आणि पानांच्या बगलेत येणारे. मी माक्याची काडी नखाने चिरून पांढऱ्या कागदावर घासली. उमटलेली ओली हिरवट रेघ बघता बघता काळपट झाली. कंबरमोडीची काडी शेजारीच घासली, ती रेघ हिरवीच राहिली. ही खूण मुलांनाही सहज शिकवता येईल असे वाटले.

तिसरी वनस्पती ओसाडी निघाली. तिची फुले फिकट जांभळी, शेंड्यावर गुच्छाने येणारी, आणि पान चुरगळले की उग्र, नकोसा वास येणारी.

या धाग्यातून मला दोन गोष्टी हव्या आहेत. आपल्या परिसरात, म्हणजे सेमिनरी हिल्सपासून रामटेक, काटोल, उमरेडपर्यंत सहज आढळणाऱ्या आणि लोक प्रथमोपचारासाठी वापरतात अशा वनस्पतींची खात्रीची ओळख कशी पटवावी, हे जाणकारांनी सांगावे. आणि कोणत्या प्रसंगी त्यांना हातच लावू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगावे. केवळ "आमच्याकडे वापरतात" एवढे न लिहिता पान, फूल, वास, चीक अशा खुणा लिहाव्यात, ही विनंती.

संत्राबाग

धागा फार आवडला. मी काटोल तालुक्यात संत्र्याची बाग करतो. वडिलांच्या काळापासून वावरात कंबरमोडी वापरत आलो आहे. विळा लागला, तारेने खरचटले, बोरीचा काटा ओरबाडून गेला की धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा, कोवळा पाला घ्यायचा, तळहातावर चोळायचा, त्याचा हिरवा रस जखमेवर पिळायचा आणि वरून दाबून धरायचे. रक्त थांबते, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. त्यामुळे हा पाला निरुपयोगी आहे असे कोणी म्हटले तर मला ते मान्य होणार नाही.

परंतु एक गोष्ट मी गेली काही वर्षे कटाक्षाने पाळतो आणि ती सर्वांनी ध्यानात घ्यावी असे वाटते. धुऱ्यावरचा पाला आता मी घेत नाही. पूर्वी आम्ही निंदण करत होतो, आता बहुतेकांच्या बागेत आणि कपाशीत तणनाशक मारले जाते. तणनाशक मारल्यावर कंबरमोडी लगेच वाळत नाही, काही दिवस ती हिरवीच दिसते. शिवाय कपाशीवरच्या कीटकनाशकाचा फवारा वाऱ्याने धुऱ्यावर येतोच. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना शेतकऱ्यांना विषबाधा होऊन किती जीव गेले, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. जे औषध कातडीतून अंगात जाते ते पाल्यावरून उघड्या जखमेत जायला किती वेळ लागणार? म्हणून मी घराच्या परसात, विहिरीजवळ कंबरमोडीचा एक वाफाच राखून ठेवला आहे. लोक तण म्हणून उपटतात, मी पाणी घालतो.

रस्त्याच्या कडेचा पाला तर मुळीच घेऊ नये. धूळ, गाड्यांचा धूर, जनावरांचे मलमूत्र, सगळे त्याच्यावर असते.

शुश्रूषा

मी परिचारिका आहे आणि माझी बरीच वर्षे अपघात विभागात गेली आहेत. काटोलच्या काकांचा अनुभव मी खोटा मानत नाही. फक्त एक प्रश्न विचारते. रक्त पाल्याने थांबले की दाबून धरल्याने? आपल्या वर्णनात दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. किरकोळ जखमेवर स्वच्छ कापडाची घडी ठेवून सलग दहा मिनिटे, मध्ये एकदाही उचलून न बघता, घट्ट दाबून धरले तर बहुतेक वेळा रक्त थांबते. लोकांची चूक इथेच होते. दर अर्ध्या मिनिटाने कापड उचलून "थांबले का" म्हणून बघतात आणि नुकतीच बनू लागलेली गुठळी निघून येते.

आता पाल्याविषयी. आमच्याकडे येणाऱ्या जखमांत चोळलेला पाला, हळद, चुना, कॉफीची पूड, कोळशाची राख आणि कधी कधी शेणही असते. हे सगळे आम्हाला आधी खरवडून, धुऊन काढावे लागते. त्या वेळी रुग्णाला जो त्रास होतो तो मूळ जखमेपेक्षा जास्त असतो, आणि जखम किती खोल आहे हेही तोवर दिसत नाही. मातीत आणि शेणात धनुर्वाताच्या जंतूंचे बीजाणू असतात आणि जमिनीलगत वाढणाऱ्या पाल्यावर ती माती असतेच. खोल, अरुंद तोंडाची जखम, म्हणजे खिळा किंवा काटा रुतून झालेली, ही त्या जंतूंसाठी सर्वांत सोयीची जागा. अशा जखमेवर पाला बांधला की ती वरून बंद होते आणि आत जे व्हायचे ते होत राहते.

म्हणून पुढील जखमांवर कोणताही पाला, कितीही ओळखीचा असला तरी, लावू नये: कडा फाकलेली जखम, चेहऱ्यावरची किंवा सांध्यावरची खोल जखम, काहीतरी रुतून झालेली जखम, भाजल्याची जखम, मधुमेह असलेल्या माणसाच्या पायाची अगदी लहानशी जखमसुद्धा, आणि कोणत्याही प्राण्याचा चावा. कुत्रा चावल्यावर मिरची, चुना किंवा रुईचा चीक लावण्याची पद्धत अजूनही आहे, हे लिहितानाही मला वाईट वाटते. कुत्रा चावला की साबणाने आणि वाहत्या पाण्याने किमान पंधरा मिनिटे जखम धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करायची. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही. यात वनस्पतीला जागाच नाही.

भाजल्यास वीस मिनिटे थंड वाहते पाणी. बर्फ नको, दंतमंजन नको. कोरफडीचा गर सौम्य भाजण्यावर नंतर चालू शकतो, पण आधी पाणी, आणि पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक पूर्णपणे निथळून धुतल्यानंतरच.

झुळूक

रुईच्या चिकाचा उल्लेख आला म्हणून आमच्या घरची गोष्ट लिहिते. माझा धाकटा भाऊ तेव्हा बारा वर्षांचा होता. आम्ही मामांच्या गावी, उमरेडच्या बाजूला गेलो होतो. त्याच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. घरातील एकाने सांगितले की रुईचा चीक लावला की काटा आपोआप वर येतो. भावाने स्वतःच रुईचे पान तोडले. देठातून पांढराशुभ्र दुधासारखा चीक टपटपला, तो त्याने टाचेवर लावला आणि मग त्याच बोटाने डोळा चोळला.

सुरुवातीला थोडी चुरचुर झाली, त्याने तांब्याभर पाण्याने तोंड धुतले आणि खेळायला गेला. संध्याकाळी म्हणाला, "ताई, दिव्याभोवती धूर दिसतो आहे." डोळा दुखत नव्हता म्हणून कोणी मनावर घेतले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या डोळ्याने त्याला माझा चेहरा नीट ओळखता येईना. नागपूरला आणून नेत्रतज्ज्ञांना दाखवले. त्यांनी सांगितले की हा चीक बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या सर्वांत आतल्या थराला इजा करतो, त्यामुळे तो पडदा सुजून धूसर होतो. आणि वेदना कमी असतात म्हणूनच लोक उशिरा येतात. थेंबांचे औषध चालू झाले, दोन-तीन आठवड्यांत नजर परत आली. ते दिवस आई कशी जगली हे मी विसरू शकत नाही.

सर्वांना हात जोडून सांगते, रुईचा चीक डोळ्यात गेला तर डोळा उघडा धरून स्वच्छ पाण्याच्या संथ धारेखाली पंधरा-वीस मिनिटे धुवा आणि डोळा दुखत नसला तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. हनुमानाला रुईची माळ घालणाऱ्यांनी आणि लहान मुलांकडून पाने तोडून घेणाऱ्यांनीही नंतर हात साबणाने धुतले पाहिजेत. आणि काटा काढायचा असेल तर स्वच्छ चिमटा वापरावा.

संत्राबाग

ताई, तुमच्या भावाची नजर परत आली हे वाचून बरे वाटले. रुईच्या बाबतीत मी आजच घरातील मुलांना सांगितले.

शुश्रूषाताईंच्या प्रश्नाचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर, मी पाला न लावता नुसते दाबून कधी पाहिलेलेच नाही. त्यामुळे रक्त कशाने थांबते हे मला सांगता येणार नाही. तुमची शंका रास्त आहे.

निर्गुडी

मी आयुर्वेदाची वैद्य आहे. या चर्चेत माझ्या शास्त्राच्या बाजूने काही लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण "आयुर्वेदिक आहे म्हणजे अपाय नाही" हे वाक्य माझ्या दवाखान्यात मी रोज ऐकते आणि ते आयुर्वेदाचे वाक्य नाही. चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे की गुराखी, शेळ्या-मेंढ्या राखणारे आणि रानात राहणारे लोक वनस्पती नावाने आणि रूपाने ओळखतात, परंतु तेवढ्याने तिचा वापर कळत नाही. आणि न ओळखलेले औषध विष, शस्त्र, अग्नी आणि वीज यांच्यासारखे घातक असते. म्हणजे ओळख ही पहिली पायरी आणि योग्य प्रसंग ही दुसरी. पांदण यांच्या तीन पाल्यांच्या प्रसंगात पहिलीच पायरी चुकली होती.

कंबरमोडीविषयी माझे मत असे आहे की प्राण्यांवरच्या प्रयोगांत तिचा रस जखम भरण्यास मदत करतो असे आढळले आहे, परंतु माणसांवरचे भक्कम पुरावे फार थोडे आहेत. आणि ती मुळात उष्ण अमेरिकेतून आलेली वनस्पती आहे, त्यामुळे आपल्या प्राचीन ग्रंथांच्या आधारे तिचे समर्थन करू नये. लोकांच्या वापरातून ती मोठी झाली आहे, तिला तोच मान द्यावा.

ज्या वनस्पतीवर माझा खरोखर विश्वास आहे ती निर्गुडी, म्हणून हे नावही घेतले आहे. आपल्याकडे नाल्यांच्या आणि नद्यांच्या काठाने हिची झुडपे आढळतात. एका देठावर बोटांसारखी पसरलेली तीन किंवा पाच पर्णिका, वरून हिरव्या आणि खालून पांढरट राखाडी, मखमलीसारख्या. वारा आला की सगळे झुडूप पांढरे झाल्यासारखे दिसते. पान चुरगळले की तीव्र औषधी वास येतो. फुले लहान, निळसर जांभळी, लांब तुऱ्यांत येणारी. मुरगळलेल्या घोट्यावर हिची पाने तव्यावर गरम करून, फडक्यात बांधून शेकल्यास आराम पडतो.

मात्र वेळ महत्त्वाची आहे. मुरगळल्यावर पहिले दोन दिवस शेक देऊ नये, सूज वाढते. त्या काळात पायाला विश्रांती, थंड पाण्याच्या पट्ट्या, पाय उशीवर उंच ठेवणे. आणि त्याहून आधी हाड मोडले नाही ना, हे पाहणे. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर बोटाने दाबल्यास तीव्र कळ येत असेल किंवा चार पावलेही टाकता येत नसतील, तर निर्गुडी शोधायला जाऊ नये, एक्स-रे काढावा.

आणखी एक ठाम नियम. रानातील कोणतीही वनस्पती प्रथमोपचार म्हणून तोंडावाटे देऊ नये. करोनाच्या काळात गुळवेलीचे काय झाले ते आठवावे. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला आणि गुळवेलीसारखीच दिसणारी तिच्याच जातकुळीतील दुसरी वेल वापरली गेली असावी, अशी शक्यता मांडली. वाद कोणाच्याही बाजूने सुटो, कुंपणावरची वेल स्वतः तोडून काढा करणाऱ्या माणसाला या दोन वेलींतील फरक माहीत नव्हता, हे तर खरे ना? त्या दुसऱ्या वेलीच्या खोडावर चामखिळीसारखे ठळक उंचवटे असतात.

कळलावीविषयी तर बोलायलाच नको. श्रावणात लाल-पिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांनी ती इतकी सुंदर दिसते की कोणीही हात लावील. तिच्या कंदात कोल्चिसिन नावाचे विष असते आणि ते जीवघेणे आहे.

रानवाट

मी वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी आहे. ओळखीच्या पद्धतीविषयी थोडे लिहिते.

फुलाशिवाय ओळख पटली असे मानू नये. कंबरमोडीला बारा महिने फुले असतात, त्यामुळे तिच्या बाबतीत हा नियम पाळणे सोपे आहे. फूल नसलेली रोपे सोडून द्यावीत. पान हातात घेतल्यावर क्रमाने पाहावे: पाने समोरासमोर आहेत की एकाआड एक, कडा कशी आहे, लव आहे का, देठ तोडल्यावर चीक येतो का. पांढरा चीक आला तर ती कंबरमोडी नाही, माका नाही, निर्गुडीही नाही. एवढ्या एका खुणेने रुई, दुधी नावाचे तण, शेर अशा सगळ्या त्रासदायक वनस्पती बाजूला पडतात.

मोबाईलवर छायाचित्र काढून नाव सांगणारी अ‍ॅप्स मीही वापरते, पण ती अंदाज देतात. माझ्या मोबाईलने एकाच ओसाडीला तीन दिवसांत तीन नावे दिली. ओसाडीविषयी सांगायचे तर ती काही भागांत खरोखर जखमेवर लावतात, तथापि तिच्यात यकृताला अपाय करणारी अल्कलॉइडे असतात, म्हणून ती टाळणेच बरे.

गाजरगवताचा उल्लेख अजून कोणी केला नाही, याचे आश्चर्य वाटते. गोरेवाडा असो की रिंग रोडच्या कडेच्या मोकळ्या जागा, सगळीकडे तेच आहे. त्याची पाने गाजराच्या पानांसारखी बारीक चिरलेली असतात आणि फुले लहान, पांढरी, शेंड्यावर विखुरलेली. काही लोक त्याला दवणा समजून हातात घेतात. ज्यांना त्याची अ‍ॅलर्जी होते त्यांच्या मानेवर, पापण्यांवर, कोपरांच्या खोलगट भागांत खाज आणि चट्टे उठतात आणि हा त्रास वर्षानुवर्षे राहू शकतो. उपटायचे असल्यास हातमोजे घालून, फुले येण्यापूर्वी उपटावे.

थोडे अवांतर होईल, पण तरोट्याची भाजी आपण सगळेच खातो म्हणून लिहिते. तरोट्याला पर्णिकांच्या तीन जोड्या असतात आणि त्यांची टोके गोलसर असतात. त्याच्या शेजारीच वाढणाऱ्या कासविंद्याला सहसा चार-पाच जोड्या असतात आणि टोके अणकुचीदार असतात. पश्चिम उत्तर प्रदेशात लहान मुलांचे जे मृत्यू अनेक वर्षे मेंदूज्वर म्हणून नोंदले जात होते, त्यांमागे कासविंद्याच्या शेंगांतील बिया खाणे हे कारण असल्याचे २००७ च्या सुमारास समोर आले. मुले खेळता खेळता त्या बिया खात होती. मुलांना घेऊन माळावर जाणाऱ्यांनी कंबरमोडीइतकीच ही ओळख शिकवावी. धोत्र्याचे काटेरी फळ, गुंजेची लाल-काळी बी आणि बिट्टीचे फळ यांचीही.

उन्हाळी ढग

आमच्या गावी विंचू चावला की आघाड्याचे मूळ उगाळून लावतात आणि उतार पडतो, असे मी स्वतः पाहिले आहे. याविषयी जाणकारांचे मत काय? तसेच मे महिन्यात मुलांचा घोळणा फुटतो तेव्हा दूर्वांचा रस नाकात घालतात, तो घालावा का?

शुश्रूषा

बहुतेक विंचवांच्या दंशाने केवळ तीव्र वेदना होतात आणि त्या काही तासांत आपोआप उतरतात. त्या वेळेत जे काही लावले असेल त्याला श्रेय मिळते. परंतु लाल विंचवाचे विष हृदयावर परिणाम करते, विशेषतः लहान मुलांमध्ये. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात अशा मुलांचे मृत्यू पाहिले, प्राझोसिन हे औषध वापरून ते रोखता येतात हे दाखवून दिले, आणि १९८६ साली त्यांचा त्यावरचा लेख लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे औषध साध्या गोळीच्या रूपात मिळते, पण ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते आणि वेळेत द्यायचे असते. मूल घामाने थबथबले, हातपाय गार पडले, उलट्या होऊ लागल्या तर आघाडा उगाळण्यात एक मिनिटही घालवू नये.

साप चावल्यास तर हे अधिकच लागू होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर एकच प्रतिविष सरकारी रुग्णालयांत मिळते आणि तोच उपाय आहे. कापू नये, चोखू नये, दोरीने आवळू नये, पाला बांधू नये. अंगठ्या, पैंजण, बांगड्या काढाव्यात, चावलेला हात किंवा पाय हाड मोडल्यासारखा काठीला बांधून स्थिर ठेवावा, माणसाला चालू देऊ नये आणि १०८ ला फोन करावा. नागपूरच्या जवळ असाल तर थेट मेडिकल किंवा मेयो यांपैकी एक मोठे सरकारी रुग्णालय गाठावे.

घोळणा फुटल्यावर नाकात काहीही घालू नये. मुलाला बसवून मान पुढे झुकवावी, मागे नाही, कारण मागे केली की रक्त घशात उतरते आणि उलटी होते. नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून दहा ते पंधरा मिनिटे दाबावा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगावे.

संत्राबाग

सर्व वाचले. आता माझा एकच प्रश्न आहे आणि तो मी वाद घालण्यासाठी विचारत नाही. ज्या वावरात मी असतो तिथून तालुक्याचे गाव लांब आहे, मोटारसायकलवर डबा आणि पाण्याची कॅन एवढेच असते. बोटाला विळा लागला, जखम उथळ आहे, तर मी नेमके काय करावे? शहरात प्रत्येक वळणावर औषधाचे दुकान आहे, आमच्याकडे नाही. पाला हा आमचा हौसेचा विषय नव्हता, तेवढाच हाताशी होता.

शुश्रूषा

काका, तुमचा प्रश्न मला पटला आणि मी आधी तो विचारात घेतला नव्हता.

कॅनमधील पिण्याच्या पाण्याने जखम सोसवेल तेवढी धुवा, पाणी वाचवू नका. दुपट्ट्याचे आतले, घाम न लागलेले टोक घडी करून दहा मिनिटे दाबा, हात छातीच्या वर धरा. हे झाल्यावर तुमच्या परसातील न फवारलेली, धुतलेली कंबरमोडी खरचटल्यावर लावली, तर मी त्याला विरोध करणार नाही. फक्त रस लावा, चोथा जखमेत ठेवू नका, आणि घरी आल्यावर साबणाने पुन्हा धुवा. खोल जखमेवर मात्र नाही. धनुर्वाताचे इंजेक्शन कधी घेतले होते ते घरातील प्रत्येकाने लिहून ठेवा.

आणि मोटारसायकलच्या डिक्कीत एका प्लॅस्टिकच्या डबीत निर्जंतुक गॉजची चार पाकिटे, चिकटपट्टी, एक चिमटा आणि ओआरएसच्या दोन पुड्या ठेवा. हे सगळे मिळून डब्यातल्या भाकरीएवढेही वजन होत नाही. ऊन लागून माणूस बडबडू लागला किंवा बेशुद्ध झाला तर तोंडात पन्हेही घालू नका, सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ ला बोलवा.

संत्राबाग

डबी उद्याच करतो. गड्यांसाठीही एक करतो. आभारी आहे, ताई.

निर्गुडी

काकांच्या परसातील वाफ्याची कल्पना मला फार मोलाची वाटते. ज्यांना वनस्पती वापरायची आहे त्यांनी ती जाणकाराकडून एकदा ओळखून घेऊन घरी लावावी, म्हणजे अडचणीच्या वेळी अनोळखी पाला तोडण्याची वेळच येत नाही. सक्करदऱ्याच्या शासकीय आयुर्वेद महाविद्यालयातील द्रव्यगुण (औषधी वनस्पतींच्या अभ्यासाच्या) विषयाच्या शिक्षकांना किंवा महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयातील जाणकारांना फुलासह फांदी दाखवून विचारता येईल.

पांदण

सर्वांचे मनापासून आभार. या रविवारी त्याच माळावर पुन्हा गेलो. या वेळी पाठीवरच्या पिशवीत दोन लिटर जास्तीचे पाणी आणि गॉजची पाकिटे होती. मुलांच्या हाती एकेक वही दिली आणि सांगितले की तोडायचे काही नाही, फक्त पाहायचे आणि लिहायचे.

जिचा गुडघा खरचटला होता ती मुलगी सर्वांच्या पुढे होती. गुडघ्यावर आता फक्त गुलाबी डाग राहिला आहे. तिने कंबरमोडी फुलाच्या तीन दातांवरून ओळखली. माक्याची एकच काडी आम्ही तोडली, तिने ती स्वतः वहीच्या पानावर घासली आणि रेघ काळी होईपर्यंत सगळी मुले श्वास रोखून वहीवर वाकली होती. गाजरगवत तिने लांबूनच दाखवले. रुईजवळ गेल्यावर झुळूकताईंच्या भावाची गोष्ट मी सांगितली, तेव्हा दोन मुलांनी न सांगता हात पाठीमागे घेतले.

एक वनस्पती मात्र आम्हाला कोणालाच ओळखता आली नाही. पाने समोरासमोर, लव बारीक, चीक नाही, वास नाही, फूलही नाही. माझ्यासोबतच्या एका पालकांना ती कंबरमोडीचीच कोवळी रोपटी वाटली, मला तसे वाटले नाही. मुलीने तिचे चित्र काढले, शेजारी तारीख घातली आणि नावाची जागा रिकामी सोडली. जागा लक्षात ठेवली आहे, फूल आले की छायाचित्र इथे टाकतो.